गुणगुणते, फिरत नाही

पहाटेचे साडेचार. ओआहाकाचे डोंगर अजून ढगाच्या पोटात.
गिरणीच्या दारात अकरा बादल्या,
चुन्याच्या पाण्यात रात्रभर फुगलेला मका,
आणि बादल्यांमागे अकरा बायका, नाकापर्यंत शालीत.
मी खटका ओढते.
मोटर म्हणते, म्म्म्म्म्म.
एवढंच.

"बंद कर," एर्मिला ओरडते, "जळेल!"
तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही,
पण जळकं तिच्या नाकाला सगळ्यांच्या आधी कळतं.
तव्यावरचं, नात्यातलं, कशातलंही.
बंद करते.

गुणगुणते, म्हणजे वीज पोचतेय.
बेल्ट उतरवते.
भार बाजूला झाला की मोटरीला सबब उरत नाही.
शाफ्ट बोटांनी फिरवून बघते: सैल, गुळगुळीत,
बेअरिंगची तक्रार नाही.
मग पुलीला दोरी गुंडाळून, खटका चालू,
एक हिसका,
आणि सुटते की! सुसाट!
बायका टाळ्या पिटतात.
थांबा बायांनो.
बंद करून दोरी उलटी गुंडाळते, पुन्हा हिसका.
आता उलटी सुटते,
तितक्याच आनंदानं.

एका फेजच्या मोटरीला स्वतःची दिशा नसते.
वीज तिला डावीकडे ओढते तेवढीच उजवीकडे,
मधल्या मध्ये ती जागेवर थरथरते
आणि तापते.
म्हणून पोटात दुसरं वेटोळं, बारीक तारेचं,
आणि पाठीवर कपॅसिटरचा काळा डबा:
दोघं मिळून पहिली ढकल देतात.
वेग आला की आतली वजनं बाहेर झुकतात,
एक खटका सुटतो,
ढकलणारे बाजूला होतात.
पुढच्या दळणात त्यांचं काही काम नाही.

कपॅसिटरला हात लावण्याआधी
बल्बच्या तारा टेकवून साठलेली वीज उतरवते.
पहिल्या वर्षी विसरले होते,
कोपरापर्यंत मुंग्या आल्या,
संध्याकाळपर्यंत गेल्या नाहीत.
डबा फुगलेला नाही, ओघळ नाही.
मीटरचा काटा उडी मारून हळूहळू परततो.
हा शहाणा आहे. मग कोण?

फिदेन्सियो दारात उभा. अंगात झोपायचा सदरा.
गिरणी विकून त्याला सहा वर्षं झाली,
कान त्याच्याही आधी गेले, याच गिरणीत.
समोरच्या घरात त्याच्या कॉफीचा पेला
रोज पावणेपाचला फळीवर नाचतो.
आज नाचला नाही.

तो विचारत नाही, मीही सांगत नाही
(पैशांवरून आमचं बोलणं तुटलंय, ते असो).
खटका चालू कर, अशी खूण.
म्म्म्म्म्म.
तळहात मोटरीवर ठेवतो, डोळे मिटून,
गाभण गाईच्या कुशीवर ठेवावा तसा,
मग बोट दाखवतो मागच्या झाकणाकडे
आणि परत फिरतो. निरोपही नाही.

मेन बंद. चार स्क्रू, एक गंजलेला,
त्याच्या नावानं शिव्या, त्यासुद्धा सापोतेकमध्ये.
झाकण निघतं.
खटक्याच्या दोन टिकल्यांमध्ये
काळी पूड.
भिंगाखाली धरते:
मुंग्या. या वेळी खऱ्या.
उबेला आल्या असतील रात्री, थंडी होतीच,
आणि टिकल्या मिटताना चिरडल्या,
एकीवर एक, जळून कोळसा,
तांब्याला तांबं भेटू नये इतक्या.

जुन्या कार्डाची कड, बारीक सँडपेपर,
तोंडानं एक फुंकर.
टिकल्या चकाकतात.
झाकण. स्क्रू, तीनच; चौथ्याला मंगळवारच्या बाजारात बघू.
बेल्ट.
एर्मिला नाक पुढे करून उभी.

खटका.
अर्धा क्षण म्म्म, मग आतून टक्,
आणि दगडावर दगड बोलू लागतो.

पहिला गोळा कोंबड्यांना, त्यात काय काय असेल कोण जाणे.
दुसरा एर्मिलाचा.
"उशीर झाला, पैसे कमी घे," ती म्हणते.
मी ऐकू न आल्यासारखं करते,
हात पुसते,
आणि समोरच्या खिडकीत बघते:
दिवा लागलाय.
पेला इथून दिसत नाही.